‘माय वे’च्या आधीचा क्लोक्लो

कॉलेजचं फेअरवेल असो, कुणाचे काका रिटायर होत असोत, नाहीतर मेडल गळ्यात घातलेल्या एखाद्या खेळाडूचं रील असो, फ्रँक सिनात्राचं ‘माय वे’ कुठे ना कुठे तुमच्या कानावर पडलेलं असणारच. मी माझ्या मर्जीने जगलो, जे केलं ते ताठ मानेनं केलं, असा त्या गाण्याचा एकूण थाट. आता एक करा. यूट्यूबवर ‘कोम दाबित्यूद’ शोधा. फ्रेंच कळत नसेल तरी हरकत नाही. चाल ऐकताच तुम्ही म्हणाल, अरे, हे तर ‘माय वे’! पण हे त्याच्या आधीचं आहे. आणि यात मर्जी, ताठ मान वगैरे काही नाही. सकाळी एक माणूस उठतो, शेजारी झोपलेल्या बायकोच्या अंगावर पांघरूण घालतो, एकटाच कॉफी पितो, उशीर झाला म्हणून बाहेर पडतो. दिवसभर सगळं ठीक असल्याचं नाटक करतो. रात्री घरी येतो तर ती अजून आलेली नसते. प्रेम कधीच संपलंय, पण दोघंही नेहमीसारखं वागत राहतात. ‘कोम दाबित्यूद’ म्हणजे नेहमीसारखंच.

हे गाणं गाणाऱ्याचं आणि लिहिण्यात वाटा असणाऱ्याचं नाव क्लोद फ्राँस्वा. फ्रान्समध्ये त्याला लाडाने क्लोक्लो म्हणतात. अख्ख्या जगाला त्याचं गाणं माहीत आहे, पण फ्रेंच बोलणारे देश सोडले तर त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून आज त्याची गोष्ट.

ती सुरू होते इजिप्तमध्ये. १ फेब्रुवारी १९३९ रोजी सुएझ कालव्याच्या काठावरच्या इस्मायलिया या गावात क्लोदचा जन्म झाला. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी ज्या कालव्यातून जायच्या, तोच हा कालवा. क्लोदचे वडील एमे फ्राँस्वा हे सुएझ कालवा कंपनीत होते. कालव्यातून जाणाऱ्या जहाजांची वाहतूक सांभाळणं हे त्यांचं काम. आई इटालियन वंशाची, गाण्याबजावण्याची आवड असलेली. बंगला, नोकरचाकर, पोहायला समुद्र, असं कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मुलाचं मजेत चाललेलं बालपण. आईने त्याला पियानो आणि व्हायोलिनच्या शिकवण्या लावल्या होत्या. त्याचं मन मात्र ठोकाठोकीत. ड्रम वाजवायला तो स्वतःचा स्वतःच शिकला. अरबी गाणी, ढोल, गल्लीतले ताल हे सगळं लहानपणापासून कानात होतंच.

मग २६ जुलै १९५६ उजाडला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. अलिप्ततावादी चळवळ शिकताना नेहरू, टिटो आणि नासर ही तीन नावं आपण एका दमात पाठ केलेली असतात. परकीय कंपनीच्या हातातला कालवा आपल्या देशासाठी परत घेणारा नेता म्हणून नासर आपल्याला माहीत आहेत, आणि ते बरोबरच आहे. त्या वर्षी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा भारतही इजिप्तच्याच बाजूने उभा होता. पण त्याच घटनेची दुसरी बाजू एका सतरा वर्षांच्या मुलाच्या घरात काय होती, ते बघा. युद्धानंतर फ्रेंच लोकांना देश सोडावा लागला. फ्राँस्वा कुटुंब घर, सामान, नोकरी, ओळखीचे लोक सगळं मागे टाकून निघालं. वडिलांची कंपनी परक्यांची होती हे खरं, तिचा नफा ज्यांच्या जमिनीतून यायचा त्यांना तो मिळत नव्हता हेही खरं. पण क्लोदसाठी ते जन्मगाव होतं. फ्रान्स हा ‘आपला देश’ त्याला धड माहीतही नव्हता.

कुटुंब मोनॅकोमध्ये एका छोट्या फ्लॅटमध्ये येऊन राहिलं. वडील आतून मोडलेच. तब्येत ढासळली, काम करणं जमेना. घर चालवायची जबाबदारी पोरावर आली. क्लोद एका बँकेत क्लार्क म्हणून चिकटला. वडिलांच्या हिशोबाने हेच बरोबर होतं: पक्की नोकरी, शर्ट-टाय, महिन्याच्या महिन्याला पगार. (ओळखीचं वाटतंय ना?) पण संध्याकाळ झाली की हा मुलगा हॉटेलांच्या आणि क्लबांच्या ऑर्केस्ट्रांचे दरवाजे ठोठवत फिरायचा. माँटे कार्लोच्या एका मोठ्या क्लबच्या ऑर्केस्ट्रात त्याला ड्रमर म्हणून काम मिळालं आणि त्याने बँक सोडली.

वडिलांनी त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. थोडे दिवस रुसले असं नाही, कायमचंच. १९६१ मध्ये ते वारले, तोपर्यंत बापलेकांचा समेट झालाच नाही. मुलगा कोण होणार आहे हे त्यांना कधीच कळलं नाही. क्लोदच्या पुढच्या सगळ्या धावपळीची किल्ली मला इथे दिसते. एका रात्रीत सगळं जाऊ शकतं हे त्याने सतराव्या वर्षी पाहिलं, आणि ज्याला काहीतरी करून दाखवायचं होतं तो माणूसही गेला.

१९६० मध्ये त्याने जॅनेट या इंग्लिश डान्सरशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी दोघं पॅरिसला आली. १९६२ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, ‘नाबू ट्विस्ट’. नाव बदलून ‘कोको’ म्हणून गायलेलं, अरबी वळणाचं ट्विस्ट गाणं. फ्रान्समध्ये ते साफ पडलं. त्याच सुमारास जॅनेट त्याला सोडून गेली आणि गेली कुणाकडे, तर जिल्बेर बेकोकडे. बेको म्हणजे तेव्हाचा फ्रान्सचा टॉपचा गायक. म्हणजे करिअर फ्लॉप, बायको सुपरस्टारसोबत, आणि वय फक्त तेवीस.

पण पॅरिसमध्ये तेव्हा वेळ बरोबर होती. युद्धानंतर जन्मलेली पिढी नुकतीच वयात येत होती. तिच्या हातात थोडे पैसे होते आणि ट्रान्झिस्टर रेडिओ होता. शाळा सुटल्यावर पोरंपोरी ‘साल्यू ले कोपँ’ नावाचा कार्यक्रम ऐकायची. त्याचा अर्थ साधारण ‘काय दोस्तांनो’. रॉक अँड रोलच्या इंग्लिश गाण्यातल्या ‘येऽ येऽ’वरून या पोरांच्या संगीताला नावच पडलं ‘येये’. जॉनी हॅलिडे, सिल्वी वार्तान ही त्यातली मोठी नावं. १९६२ च्या अखेरीस या कार्यक्रमात क्लोदचं ‘बेल! बेल! बेल!’ वाजलं आणि गाडी सुटली. ते मूळ अमेरिकेतल्या एव्हर्ली ब्रदर्सचं गाणं, फ्रेंच शब्दांत बसवलेलं. पुढच्या वर्षी ‘इफ आय हॅड अ हॅमर’चं फ्रेंच रूपही हिट झालं.

इथे थोडं थांबू. अमेरिकन हिट उचलायचं, फ्रेंच शब्द घालायचे, असं तेव्हा सगळेच येये गायक करत. ही चोरी नव्हती. हक्क घेऊन, मूळ संगीतकारांची नावं छापून केलेलं काम होतं. तरी टीकाकार नाकं मुरडायचेच. क्लोदकडे लोकांच्या आधी एक गोष्ट होती, ती म्हणजे कान आणि पाय. फ्रान्समधले बरेच गायक तेव्हा माइकसमोर स्थिर उभे राहून गात. क्लोद ड्रमर होता, त्याचं अंग तालावर चालायचं. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीचं कृष्णवर्णीय कलाकारांचं संगीत त्याने फ्रेंच घराघरांत नेलं. १९६६ मध्ये त्याने स्वतःचा डान्स ग्रुप उभा केला. त्यातल्या मुलींना नाव पडलं ‘क्लोदेत’. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुली एकाच स्टेजवर, झगमगीत कपड्यांत, गायकाच्या बरोबरीने नाचताहेत, हे तेव्हाच्या फ्रेंच टीव्हीवर नवीन होतं. आज प्रत्येक पॉपस्टारच्या मागे डान्सर असतात म्हणून आपल्याला त्यात विशेष वाटत नाही.

पैसा आला तसं त्याने १९६४ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेला दानमुआ या खेड्यात नदीकाठची जुनी पाणचक्की विकत घेतली आणि तिचं घर केलं. बाग, मोर, पोहण्याचा तलाव. इजिप्तमध्ये हरवलेलं घर त्याने इथे पुन्हा बांधायला घेतलं, असं त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, आणि फोटो पाहिले की पटतं.

त्याच वर्षांत त्याचं फ्रान्स गालवर प्रेम बसलं. ही तीच गायिका, जिने १९६५ मध्ये लक्झेंबर्गच्या वतीने युरोव्हिजन जिंकलं. दोघं एकत्र आली तेव्हा ती अठराचीही नव्हती, तो पंचविशीत आणि कागदोपत्री अजून विवाहित. आज हे वाचताना खटकतं, आणि खटकायलाच हवं. तो हेवा करणारा, संशयी, सतत ताबा ठेवू पाहणारा होता. त्याच्यापेक्षा लहान असलेल्या मुलीला मोठं यश मिळालेलं त्याला झेपलं नाही. १९६७ मध्ये ती निघून गेली.

आणि आता ते गाणं. १९६७ च्या उन्हाळ्यात जाक रेव्हो हा संगीतकार दानमुआच्या त्या घरी आला. त्याच्याकडे एक चाल होती. तिला तात्पुरते इंग्लिश शब्द होते, नाव होतं ‘फॉर मी’. ती कुणाला फारशी रुचली नव्हती. क्लोदने चाल ऐकली, त्यात बदल सुचवले, आणि विषय स्वतःचा दिला: एकाच घरात राहून एकमेकांपासून दूर गेलेलं जोडपं. गीतकार जिल तिबोबरोबर शब्द ठरले. म्हणून गाण्यावर तीन नावं आहेत: रेव्हो, तिबो आणि फ्राँस्वा. ब्रेकअपची गाणी शेकड्यांनी आहेत. पण भांडण नाही, दरवाजा आपटणं नाही, फक्त कंटाळा आणि नाटक, असं ब्रेकअपचं गाणं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. त्याच वर्षी त्याने ‘फ्लेश’ म्हणजे बाण नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि हे गाणं तिच्याच लेबलवर आलं. फ्रान्समध्ये चाललं, बरं चाललं. वादळ वगैरे आलं नाही.

पुढची गंमत सातासमुद्रापलीकडची. इंग्लिश शब्द लिहायचं काम आधी लंडनमधल्या एका धडपड्या तरुणाला मिळालं. त्याने लिहिलेले शब्द नापास झाले. त्याचं नाव डेव्हिड बोवी. चिडून त्याने पुढे त्याच धर्तीवर स्वतःचं एक गाणं केलं, ‘लाइफ ऑन मार्स?’. ते १९७१ मध्ये आलं आणि आज त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांत मोजलं जातं. दरम्यान कॅनडात जन्मलेल्या पॉल अंकाने फ्रान्समध्ये असताना ‘कोम दाबित्यूद’ ऐकलं आणि इंग्लिश रूपाचे हक्क नाममात्र किमतीत मिळवले. फ्रँक सिनात्रा तेव्हा सगळं सोडून घरी बसायच्या गोष्टी करत होता. अंकाने न्यूयॉर्कमध्ये एका रात्री बसून त्याच्यासाठी शब्द लिहिले. जोडप्याची गोष्ट गेली, त्या जागी आयुष्याच्या शेवटी मागे वळून पाहणारा ताठ माणूस आला. ३० डिसेंबर १९६८ रोजी सिनात्राने ते गायलं. ब्रिटनच्या टॉप फोर्टीमध्ये ते एकूण ७५ आठवडे राहिलं. नंतर एल्व्हिसने गायलं, पंक रॉकवाल्या सिड व्हिशसने त्याची मुद्दाम वाट लावून गायलं.

विचार करा. तुमचा सगळ्यात दुखरा ब्रेकअप तुम्ही गाण्यात ओतला. ते गाणं जगाने उचललं, पण दुःख काढून त्या जागी अभिमान भरला. क्लोदला या गोष्टीचा राग नव्हता, उलट कौतुकच होतं. सिनात्राने आपलं गाणं गावं यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्याच्यासाठी नव्हतं. आणि रॉयल्टीही येत होतीच.

सत्तरच्या दशकातला क्लोद म्हणजे आजच्या भाषेत वन-मॅन ब्रँड. गाणं त्याचं, लेबल त्याचं, डान्स ग्रुप त्याचा, टीनएजर्ससाठी ‘पोदियुम’ नावाचं मासिकही त्याचंच. त्यात अर्थातच त्याचे भरपूर फोटो. तालीम तो घामाघूम होईपर्यंत घ्यायचा. वादकाचा एक सूर चुकला, डान्सरचं एक पाऊल चुकलं तर खैर नाही. लाइट कसा, कॉलर कशी, फोटो कुठला, सगळं स्वतः बघणार. त्याच्यासोबत काम केलेल्यांपैकी बरेच जण एकाच दमात त्याचं कौतुकही करतात आणि तो छळायचा असंही सांगतात. दोन मुलगे झाले, तर धाकट्याचं अस्तित्वच त्याने अनेक वर्षं लपवून ठेवलं. दोन मुलांचा बाप म्हटलं तर चाहत्या मुलींच्या मनातली इमेज जाईल ही भीती. हे वाचून मला त्याचा राग आला. पण नंतर असंही वाटलं, की टाळ्या थांबल्या तर आपण पुन्हा मोनॅकोच्या त्या फ्लॅटमध्ये, असं बहुतेक त्याला रोज वाटत असणार.

शरीराने इशारे दिलेच. मार्च १९७० मध्ये मार्सेयच्या स्टेजवर तो कोसळला. त्याच वर्षी कारचा अपघात. १९७३ मध्ये दानमुआच्या घराला आग लागली. तरी काम चालूच. १ जुलै १९७४ रोजी पॅरिसमध्ये अपंग मुलांसाठीच्या एका संस्थेच्या मदतीला केलेल्या कार्यक्रमाला सुमारे २०,००० लोक आले. त्याच वर्षी ‘ल तेलेफोन प्लर’ आलं. बाप फोनवर एका लहान मुलीशी बोलतोय आणि ती आपलीच मुलगी आहे हे तिला माहीत नाही, असं ते गाणं. समीक्षकांनी रडकं म्हणून झोडपलं, लोकांनी रेकॉर्डच्या दुकानांत रांगा लावल्या. माझं मत विचाराल तर रडकंच आहे, पण एकदा ऐकाच.

५ सप्टेंबर १९७५ रोजी तो लंडनच्या हिल्टन हॉटेलात असताना आयरिश रिपब्लिकन आर्मीने तिथे बॉम्बस्फोट केला. दोन माणसं मेली. क्लोद वाचला, कानाच्या पडद्याला इजा झाली. १९७७ मध्ये रात्री कारने दानमुआला जाताना त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातूनही तो वाचला.

डिस्को आलं तेव्हा बरेच येये गायक जुने होऊन बाजूला पडले. क्लोद मात्र आनंदला, कारण आता सगळं जगच त्याच्यासारखं नाचायला लागलं होतं. गीतकार एतिएन रोदा-झिलने त्याच्यासाठी एक गाणं लिहिलं, ‘अलेक्झांद्री अलेक्झांद्रा’. चाल क्लोद आणि जाँ-पिएर बुर्तेरची. त्यात अलेक्झांड्रिया आहे, नाईल आहे, बंदरातले दिवे आहेत. इजिप्तमधून हाकललेल्या मुलाने वीस-एकवीस वर्षांनी इजिप्तचं गाणं केलं, आणि तेही नाचायचं. जानेवारी १९७८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. फ्रान्सबाहेर मोठं व्हायचं त्याचं जुनं स्वप्न आता कुठे आकार घेत होतं.

मार्चमध्ये तो बीबीसीच्या एका कार्यक्रमाच्या शूटिंगसाठी स्वित्झर्लंडला गेला आणि पॅरिसला परतला. ११ मार्च १९७८, शनिवार. दुपारी टीव्हीच्या रेकॉर्डिंगला जायचं होतं. बुलव्हार एक्झेलमान्सवरच्या फ्लॅटमध्ये तो आंघोळ करत होता. बाथटबजवळच्या भिंतीवरचा दिवा जरासा वाकडा झालेला त्याला दिसला. वाकडं काही दिसलं की सरळ केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पाण्यात उभं राहून, ओल्या हाताने तो दिवा सरळ करायला गेला आणि विजेचा धक्का बसला. अग्निशमन दलाच्या लोकांनी खूप प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही. बॉम्ब आणि गोळ्यांतून वाचलेला माणूस वयाच्या ३९ व्या वर्षी एका दिव्याने गेला.

बातमी फुटताच घराखाली चाहत्यांची गर्दी जमली. १५ मार्चला त्याला दानमुआच्या दफनभूमीत पुरलं. ‘अलेक्झांद्री अलेक्झांद्रा’ची रेकॉर्ड नेमकी त्याच दिवशी दुकानांत आली. त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींत कर्ज आणि थकलेला करही होता. पाणचक्की विकावी लागली. पुढे नव्या मालकांनी तिथे संग्रहालय केलं. २००० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या तारखेलाच, पॅरिसमध्ये त्याच्या घरासमोरच्या चौकाला त्याचं नाव दिलं गेलं. २०१२ मध्ये ‘क्लोक्लो’ नावाचा सिनेमा आला. त्यात जेरेमी रेनिएने क्लोदची भूमिका केली आहे. सबटायटल्स लावून बघा. त्याचे दोष त्यात झाकलेले नाहीत.

फ्रान्समध्ये आजही लग्नाच्या पार्टीत रात्री उशिरा ‘अलेक्झांद्री अलेक्झांद्रा’ लागतं. आजीपासून नातवापर्यंत सगळे हात वर करून त्याच्या त्या ठरलेल्या स्टेप्स करतात. प्लेलिस्टमध्ये ते आधी टाका आणि मग ‘कोम दाबित्यूद’, १९६७ चं मूळ. सिनात्राचं त्यानंतर.